देवराईच्या भिंतीवर कोण? गरुड धनेश की कारवी?

पऱ्याकाठचा (३ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, अगदी सह्याद्रीच्या पायथ्याला. गावाची देवराई आहे, साधारण सहा एकरांची. पाऊस सरला की देवराईच्या वाटेवर एक भिंत बांधायची आहे, बारा फूट लांब नि सात फूट उंच. त्यावर आपल्या रानाची ओळख म्हणून एकच चित्र काढायचं, दहा गोष्टींची गर्दी नको, असं ग्रामसभेत ठरलं. इथपर्यंत सगळं एकमताने झालं. पुढे गाडं अडलं.

तरुण पोरं म्हणतात गरुड धनेश, हा मोठ्या चोचीचा पक्षी. बचत गटाच्या बायका म्हणतात कारवी, हे काही वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप. दोन बैठका झाल्या, चहा संपला, निर्णय नाही.

मी धनेशाच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. देवराईच्या कडेला एक जुना बेहडा आहे. त्याच्या ढोलीत दरवर्षी जोडी येते. जानेवारी-फेब्रुवारीत मादी आत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी फटच काय ती ठेवते. तिथून पुढे तीन-साडेतीन महिने तिचं आणि पिल्लाचं सगळं पोट नराच्या खेपांवर. तो उंबर, वडाची फळं गळ्यात साठवून आणतो आणि एकेक करून वर काढून फटीतून भरवतो. मी गेली अकरा वर्षं लांबून बघतोय. एका वर्षी वादळी पावसात तो संध्याकाळपर्यंत आला नाही. मी टॉर्च घेऊन पऱ्यापाशी, म्हणजे ओढ्यापाशी, बसून होतो, जेवण गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पंखांचा आवाज आला तेव्हा मी घरी पळत जाऊन सगळ्यांना उठवलं होतं.

आता प्रश्न असा, की पक्षी आणि झुडूप यांची तुलना करायची तरी कशी? तुम्ही कोणाच्या बाजूने, आणि का?

येऊरकर

धनेश. विचार कसला करताय!

सातेरी

थांबा, इतकी घाई नको. मी महाबळेश्वर भागातली. आमच्या घरी तीन पिढ्या मधाच्या पेट्या आहेत. जांभळाचा मध, हिरड्याचा मध, गेळ्याचा मध, ही नावं आमच्याकडे आंब्याच्या जातींसारखी घेतात. पण कारवीचा मध म्हटलं की माणसं आवाज खाली आणून बोलतात, कारण तो दरवर्षी मिळत नाही. कारवी फुलते त्या वर्षी पावसाने उघडीप दिली तर पेट्या भरतात. पाऊस बसला तर माश्या बाहेरच पडत नाहीत, आणि मग पुढची संधी थेट सात-आठ वर्षांनी. माझ्या वडिलांनी एक आख्खा कारवीचा हंगाम असा पावसात घालवलाय. त्या वर्षाबद्दल ते अजून बोलतात.

धनेश मोठा आहे, देखणा आहे, मान्य. पण कारवी फुलते तेव्हा डोंगराचा डोंगर जांभळा होतो. एक पक्षी आणि एक डोंगर अशी ही तुलना आहे. माझं मत कारवीला.

तळकोकणी

आमच्याकडे धनेशाक ककणेर म्हणतत. माझो आजो म्हणायचो, ककणेर बसलो ता झाड तोडू नये.

आता प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर सातेरीताई रागावतील. आमच्या दोडामार्ग भागात गरुड धनेशाबरोबर कवड्या धनेशही आहे, काळापांढरा, डोक्यावर शिरस्त्राण घातल्यासारखा. तो काजऱ्याची फळं खातो. काजऱ्याचं बी म्हणजे विष, आम्हाला लहानपणी हातही लावू द्यायचे नाहीत. हे पठ्ठे त्या नारिंगी फळातला गर खातात आणि खुशाल उडून जातात. मी शाळेत असताना घरामागच्या काजऱ्यावर सतरा धनेश एका वेळी मोजले होते. तो आकडा माझ्या वहीत अजून आहे.

धनेशाला एक मत. पण चित्रात काजरा पण हवा.

पऱ्याकाठचा

@तळकोकणी, एकच चित्र म्हटलंय हो! काजरा घातला की उद्या कोणी उंबर म्हणेल.

गणिती

मूळ प्रश्न सोडून एक शंका. सातेरी "सात-आठ" म्हणाल्या. नक्की किती? सगळीकडे "सात वर्षांनी फुलणारी कारवी" असं वाचतो. पण मुंबईत राष्ट्रीय उद्यानात २००८ साली फुलली, मग २०१६, मग २०२४. हे तर सरळ आठ-आठ वर्षं झालं.

येऊरकर

@गणिती बरोबर. २०२४ च्या सप्टेंबरात मी येऊरच्या बाजूने चार वेळा गेलो. खरं सांगायचं तर त्याआधी कारवी म्हणजे माझ्यासाठी वाटेत अंगाला घासणारी खरखरीत पानं, एवढंच होतं. त्या महिन्यात तीच वाट ओळखू येईना. खांद्यापेक्षा उंच जांभळट निळ्या फुलांच्या भिंती, आणि सगळीकडे माश्यांचा एकसुरी गुंजारव. फोटोत तो येत नाही.

पण त्याहून मला आवडलेली गोष्ट यंदा जूनमध्ये घडली. फुलं गेल्यावर झुडपं वाळली, वाळकी बोंडं घेऊन उन्हाळाभर तशीच उभी. पहिला पाऊस पडला त्यानंतर मी गेलो, तर रानात चट्, चट्, चट्. आधी वाटलं कोणी काटक्या मोडतंय. थांबून ऐकलं तर चहूबाजूंनी तोच आवाज. ओल लागली की वाळलेली बोंडं तडकतात आणि बिया उडतात. एक बी माझ्या गालावर लागलं. अर्धा तास तिथेच उभा होतो.

वर मी "विचार कसला करताय" लिहिलं होतं ते मागे घेतो. विचार करायला हवा.

दगडफूल

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे लांबण लागेल, आधीच क्षमा.

गणिती यांच्या शंकेपासून सुरुवात करते. कारवी म्हणजे एकच घड्याळ नाही. एका डोंगरावरची झुडपं एकाच वर्षी रुजलेली, म्हणून ती एकत्र फुलतात. शेजारच्या डोंगराचा फेरा वेगळा असू शकतो, आणि दरवर्षी कुठे ना कुठे चार चुकार झुडपं फुलतातच. घराण्यातली भावंडं तर आणखी वेगळी. कासच्या पठारावरची टोपली कारवी बुटकी, पालथ्या टोपलीसारखी वाढते. मुन्नारची नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते, १९९४, २००६, २०१८ अशी. त्यामुळे तुमच्या डोंगराचा आकडा तुम्हीच मोजायला हवा.

आता मूळ प्रश्न. पक्षी आणि झुडूप यांची तुलना देखणेपणावर केलीत तर भांडण मिटणार नाही. आयुष्याच्या हिशोबावर करून बघा. गरुड धनेश वर्षाला एक-दोन अंडी घालतो, बहुतेक वेळा एकच पिल्लू बाहेर पडतं. पण पक्षी दीर्घायुषी, ढोली तीच, दरवर्षी पुन्हा प्रयत्न. थोडं थोडं, पण नेमाने. कारवीचं अगदी उलट. सहा-सात पावसाळे नुसती पानं आणि खोड, फुलावर काही खर्च नाही. मग एका पावसाळ्यात सगळी शिल्लक एकदम काढते, फुलते, बी धरते आणि मरते. सगळ्यांनी एकदम का फुलायचं, याचं उत्तर असं देतात, की एवढं बी एकदम पडलं तर किडे, उंदीर, पाखरं यांनी कितीही खाल्लं तरी उरतंच. दरवर्षी थोडं थोडं पडलं असतं तर खाणाऱ्यांनी त्याच्यावर कायमचा संसार मांडला असता.

दुसरा फरक प्रवासाचा. कारवीचं बी उडून उडून जाणार किती? चार हात. धनेश मात्र रानजायफळ, धूप अशा मोठ्या बियांची फळं आख्खी गिळतो आणि बी लांब नेऊन टाकतो. ज्या बिया लहान पक्ष्यांच्या चोचीत मावतही नाहीत, त्यांना धनेशाशिवाय फारसा वाली नाही. म्हणजे कारवी डोंगर जागेवर धरून ठेवते, उतारावरची माती तिच्या मुळांत अडकलेली असते, आणि धनेश रान इकडून तिकडे नेतो.

आणि दोघांची गाठ कधी पडते? तुमच्या बेहड्यातली मादी आत असते तेव्हा कारवी उन्हाने करपलेली. कारवी फुलते तेव्हा धनेशाचं पिल्लू कधीच उडून गेलेलं. एकाच रानात राहून दोघं वर्षाचे वेगवेगळे महिने वाटून घेतात.

मत द्यायचं तर मला अजून ठरवता येत नाही.

सातेरी

दगडफूल, "कारवी जागेवर धरून ठेवते आणि धनेश नेतो" हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग दोन्ही काढा की." तिला भिंत बारा फुटांची आहे हे सांगितलं तर म्हणते, बारा फूट काय थोडे झाले?

रानपाखरू

हरियाल राज्यपक्षी, ताम्हण राज्यफूल, शेकरू राज्यप्राणी, नीलवंत राज्यफुलपाखरू. तुमच्या भिंतीवरून वाद झालाय हे कळलं तर शेकरू येऊन म्हणेल, आम्हाला कुणी विचारलंच नाही.

फोर्टमधला

मुंबईकर म्हणून धनेशाच्या बाजूने एक गोष्ट. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावर गरुड धनेश आहे, इमारतीचं नावही हॉर्नबिल हाउस. त्यामागे एक खरा पक्षी आहे, विल्यम नावाचा. १८९४ पासून १९२० पर्यंत तो संस्थेच्या जागेत राहिला. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत होता.

लहानपणी वडिलांनी मला ती इमारत दाखवून ही गोष्ट सांगितली तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. आता तीच गोष्ट आठवली की पोटात कालवतं. ज्या पक्ष्याच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा लांबून ऐकू येतो, तो सव्वीस वर्षं एका खोलीत. त्या काळच्या माणसांचं त्याच्यावर प्रेम होतं यात शंका नाही. तरीही.

तुमचा धनेश मोकळा आहे, ढोली त्याने स्वतः निवडली आहे. तोच काढा, उडताना काढा.

उंबरफूल

सगळे फुलांबद्दल बोलताहेत. मी खोडांबद्दल बोलते, कारण मी कारवीच्या घरात वाढले.

रोह्याच्या पुढे आमचं आजोळ. घराच्या भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या, दोन्ही बाजूंनी माती-शेणाने लिंपायचं. मे महिन्यात दुपारी त्या भिंतीला पाठ टेकली की गार वाटायचं. जिथे लिंपण सुटलं असेल तिथून उजेडाची एक रेघ आत यायची आणि आम्ही पोरं त्या रेघेत धूळ नाचताना बघत पडायचो. मांडवाला कारवी, वेलाला चढवायला कारवी, कोंबड्यांच्या खुराड्याला कारवी. फुलून वाळलेल्या वर्षी तर मोळ्याच्या मोळ्या यायच्या.

आजीला तिचा जन्म कुठल्या साली झाला ते माहीत नव्हतं. ती म्हणायची, "लग्न झालं त्या वर्षी कारवी होती, तुझी आई झाली त्याच्या पुढच्या कारवीला मामा झाला." गेली तेव्हा तिच्या हिशोबाने तिने दहा कारव्या पाहिल्या होत्या. डॉक्टरांनी कागदावर वय लिहिलं ते आम्ही दहा कारव्यांवरूनच काढून दिलं.

धागाकर्ते दादा, तुमच्या बचत गटाच्या बायका कारवी का म्हणताहेत, हे त्यांना विचारलंत का? त्यांच्या हातांनी ती लिंपलेली असणार.

पऱ्याकाठचा

@उंबरफूल, नाही विचारलं. तुमचा प्रतिसाद वाचून काल विचारलं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "धनेश तू बघतोस, कारवी आम्ही वाहिली." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

@दगडफूल, आमच्या डोंगराचा आकडा काढतोय. शेवटची फुलली तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती, डोक्यात फुलं घालून शाळेत गेली होती, फोटो आहे. आता ती सातवीत. सात धरले तर पुढच्या वर्षी, आठ धरले तर त्याच्या पुढच्या. तिने कॅलेंडरवर दोन्हीकडे खूण केली आहे.

समुद्रपार

सिंगापूरहून. इथला धनेश वेगळा, आपल्या कवड्याचा चुलतभाऊ म्हणता येईल. तो या बेटांवरून जवळपास दीडशे वर्षं नाहीसा झाला होता. १९९४ साली पुलाऊ उबिन बेटावर पुन्हा दिसला. मोठ्या ढोलीची झाडंच उरली नव्हती, म्हणून पुढे माणसांनी कृत्रिम ढोल्या करून झाडांवर बसवल्या. आज इथे इमारतींच्या मधल्या झाडांवर धनेश दिसतो. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एकदा बसला होता, मी पोळी तव्यावर करपवली.

सांगायचा मुद्दा हा, की पक्ष्याला फळं मिळतात, ढोली मिळत नाही. ढोली तयार व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. तुमच्याकडे तो बेहडा आहे हीच मोठी गोष्ट आहे. भिंतीवर काय काढायचं ते काढा, पण बेहडा कोणाच्या जागेत आहे?

काळा_पहाड

समुद्रपार यांनी योग्य जागी बोट ठेवलंय. मी त्याच्या पुढचं सांगतो, कटू वाटेल.

भिंतीवर धनेश काढू नका.

मी दहा वर्षं पक्ष्यांचे फोटो काढले. एका गावात (नाव सांगणार नाही) वेशीवर धनेशाची कमान झाली. पुढच्याच हंगामात गाड्या यायला लागल्या. पहिला प्रश्न, "घरटं कुठे आहे?" गावातली पोरं दोनशे रुपयांत दाखवायला लागली. ढोलीसमोर तिपाया लागल्या, एका वेळी अकरा माणसं मी मोजली, त्यात मीही होतो. नर फळं घेऊन यायचा, माणसं बघून लांबच्या फांदीवर बसायचा आणि परत जायचा. आत मादी. पिसं झडलेली, उडता न येणारी, त्याच्या एका खेपेवर जगणारी. दोन दिवस मी ते बघितलं आणि तिसऱ्या दिवशी कॅमेरा पेटीत ठेवला. त्या वर्षी त्या ढोलीतून पिल्लू बाहेर आलं नाही.

रानपाखरू

@काळा_पहाड, वाईट वाटलं वाचून. पण सगळे फोटो काढणारे तसे नसतात. लोकांना पक्षी दिसला नाही तर त्याच्याबद्दल आस्था येणार कुठून? माझी आस्था एका फोटोपासूनच सुरू झाली.

काळा_पहाड

@रानपाखरू, पक्षी दिसू दे, उडताना, उंबरावर फळं खाताना. तासन् तास बघा. ढोली दाखवू नका, एवढंच म्हणतोय. आणि धनेशाची भिंत उभी राहिली की ढोलीची विचारणा होणारच. धनेशाच्या चरबीचं तेल सांधेदुखीवर चालतं असं समजणारी माणसं अजून आहेत, तीही वाचतील ती भिंत.

गणिती

मग तोच नियम कारवीलाही लागतो ना? कासला गर्दीने काय होतं ते आपण बघितलंय.

दगडफूल

लागतो, पण नुकसानीची जात वेगळी आहे. फुलांत शिरून फोटो काढले तर वाटेच्या कडेची झुडपं मोडतात, बाकी डोंगर उरतो. कारवीचा खरा वैरी गर्दी नाही, वणवा आहे. येऊरकरांनी लिहिलंय ते पुन्हा वाचा. बी वाळक्या बोंडांत अडकून जूनपर्यंत झुडपावरच असतं. म्हणजे फुलल्यानंतरच्या उन्हाळ्यात डोंगर पेटला तर त्या उताराचं सगळं बी गेलं. सात वर्षांची शिल्लक एका दुपारी संपते, आणि मागे बी टाकायला जुनी झुडपं उरलेली नसतात.

धनेशाची ढोली गुप्त ठेवून वाचते. कारवी सगळ्या गावाला माहीत असेल तरच वाचते, कारण वणवा विझवायला सगळं गाव लागतं. मी वर मत दिलं नव्हतं. आता देते. भिंतीवर कारवी.

तळकोकणी

काजरा गेलो तो गेलोच म्हणायचो. पण दगडफूल बाईंचं म्हणणं पटलं. माझं मत बदलून घ्या.

फोर्टमधला

मी अजूनही धनेशाच्याच बाजूने. आपल्या रानात एवढा मोठा पक्षी आहे याचा गावाला अभिमान वाटायला हवा, लपवून ठेवून अभिमान कसा येणार? पण काळा_पहाड यांचा प्रतिसाद वाचल्यापासून जोर करून म्हणत नाही.

पऱ्याकाठचा (१४ सप्टेंबर)

धागा वर काढतोय. महिनाभर लिहिलं नाही, कारण समुद्रपार यांच्या एका प्रश्नाने झोप उडवली.

बेहडा देवराईत नाही. मी इतकी वर्षं "देवराईच्या कडेला" म्हणत होतो, पण सातबारा काढून बघितला तर तो हद्दीच्या आठ-दहा पावलं बाहेर, मालकीच्या जागेत. मालक भले गृहस्थ आहेत, लांबच्या नात्यातले काका लागतात. त्यांच्याकडे गेलो तर कळलं, लाकडाच्या ठेकेदाराने त्या पट्ट्यातली सगळी झाडं मागितली आहेत. दिवाळीनंतर तोड. विसार घेतलेला नाही, पण शब्द जवळजवळ दिलेला. काकांच्या घरात दवाखान्याचा खर्च सुरू आहे, त्यांना पैसे हवेत. त्यांना दोष कसा देऊ?

मी इथे पक्षी मोठा की फूल मोठं विचारत बसलो होतो, आणि पक्ष्याचं घर विकलं जात होतं.

काय करता येईल? कोणाचा अनुभव असेल तर कृपया लिहा.

उंबरफूल

आमच्या आजोळच्या गावात एक आंबा असाच वाचवला होता. झाडाची ठेकेदार देणार तेवढी किंमत वर्गणीतून मालकाला दिली, जमीन आणि झाड त्याचंच राहिलं, फक्त तोडायचं नाही असा कागद केला. आजीने त्यात वीस रुपये घातले होते.

समुद्रपार

वर्गणी काढा, मी आहे. आणि मालकाला उपकार केल्यासारखं वाटू देऊ नका, भाडं म्हणा. "या ढोलीचं भाडं."

काळा_पहाड

मी पण आहे. रक्कम इथे उघड लिहू नका, गावाचं नावही नको. निरोपातून बोलू.

सातेरी

आईने मधाच्या डब्यातले पाचशे काढून ठेवलेत. कोणाकडे पाठवायचे ते सांगा.

पऱ्याकाठचा (२ नोव्हेंबर)

सगळ्यांना मनापासून नमस्कार. तोड थांबली. काकांनी ठेकेदाराला बेहडा आणि त्याच्या आजूबाजूची सहा झाडं वगळून बाकीची दिली. भाड्याचा कागद पाच वर्षांचा झाला. भिंतीसाठी जमवलेल्या पैशातलेही निम्मे त्यात गेले, ग्रामसभेने एका मिनिटात हात वर केले. तरुण पोरांनी सगळ्यांच्या आधी.

त्यामुळे भिंत आता बारा फुटांची नाही, सहा फुटांची. चित्र कारवीचं. हे पोरांनीच सुचवलं. ढोलीबद्दल गावाबाहेर बोलायचं नाही असं त्यांचं त्यांनी ठरवलंय. भिंतीच्या खाली कोपऱ्यात रिकामी जागा ठेवतोय. डोंगर फुलला की ते साल तिथे लिहायचं, त्याखाली पुढचं. पहिलं साल मुलगी लिहिणार, तेव्हा ती आठवीत असेल नाहीतर नववीत.

आता एक अडचण. रंग जमत नाहीये. दुकानातला जांभळा मारला तर वांग्यासारखा दिसतो. कारवीचा नेमका रंग कसा साधायचा?

येऊरकर

एकच रंग मारू नका. माझ्या फोटोंत गर्द जांभळ्यापासून फिक्या निळसरपर्यंत सगळ्या छटा आहेत, एकाच झुडपावर. आधी फिका निळा अस्तरासारखा मारा, वरून जांभळा थोडा थोडा. चार फोटो निरोपातून पाठवतोय.

उंबरफूल

आणि काठ्या विसरू नका. फुलांच्या खाली पेरापेरांची खोडं दिसू द्या. काकींना विचारून काढा, त्यांना माहीत असेल पेर किती लांब असतं ते.

पऱ्याकाठचा

काकी आत्ता शेजारीच बसल्यात. वीतभर, म्हणाल्या.